बास बोटीवर गेलाय

समूहगायनाच्या शास्त्रात आवाजाचे चार प्रकार सांगितले आहेत. बायकांचा वरचा आवाज सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांचा वरचा टेनर आणि तळाचा बास. मालाड स्टेशनाबाहेर 271 नंबरची बस पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत, म्हणजे मढ जेट्टीपर्यंत जो जाईल त्याला पाचवा प्रकार कळेल. तो म्हणजे ‘बोटीवर गेलेला’. मढ, भाटी, एरंगळ या पट्ट्यातल्या कोळीवाड्यांत आणि गावठाणांत भरदार बास मिळायला काहीच अडचण नाही. इंजिनाच्या धडधडीवर आणि वाऱ्यावर आवाज चढवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांचा खर्ज देवळाच्या भिंतीला हात लावला तरी जाणवतो. अडचण एवढीच, की तालमीच्या संध्याकाळी हा खर्ज पाण्यात असतो.

त्यात कोणाचा दोष नाही. इथली डोल जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जबरदस्त, तेव्हा बोटी बाहेर. अष्टमीच्या आसपास भांग लागला की पाणी सुस्तावते आणि माणसे घरी येतात. चर्चच्या क्वायरची तालीम ठेवणाऱ्या मास्तरांना त्यामुळे ‘कालनिर्णय’ उलटून तिथी बघावी लागते. एरवी ज्यांना चतुर्थी कधी आणि एकादशी कधी हे मोदक किंवा साबुदाणा समोर आल्याशिवाय कळत नाही, ते सणाच्या आधी वद्य अष्टमी कोणत्या वारी येते हे तोंडपाठ सांगतात. ख्रिस्ती गायकवृंदाच्या तालमी हिंदू पंचांगावर ठरतात, आणि ते पंचांगही खरे तर चंद्राच्या ताब्यात असते. चंद्राशी वाद घालून उपयोग नसतो.

जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारीला सरकारी बंदी. बोटी शाकारलेल्या, जाळी विणायला काढलेली, पुरुषमंडळी घरी. तेव्हा क्वायरमध्ये बासची रांग भरते, टेनरही दोन-तीन मिळतात, मास्तरांना गाणी चार आवाजांत बसवायची स्वप्ने पडू लागतात. आणि गंमत बघा, एरंगळच्या ज्या संत बोनाव्हेंचरच्या नावाचे देऊळ 1575 सालापासून समुद्राच्या वाळूला पाय लावून उभे आहे, त्या संतांचा कॅलेंडरातला दिवस आहे 15 जुलै. म्हणजे बास घरी, संत तयार, सगळा योग जुळलेला. पण एरंगळचा मोठा सण भरतो जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी. भर जुलैच्या दर्यात होडी घालून सणाला येण्याची कोणाची छाती होणार, म्हणून ही सोय असावी असे वाटते. भाविकांची सोय झाली, क्वायरची झाली नाही. जानेवारीत हवा कोरडी, समुद्र शांत, मासळी जोरात. अर्थात बास बोटीवर.

हा सण मुंबईतल्या जुन्या जत्रांपैकी एक. होड्यांतून माणसे उतरतात, वाळूत चुली पेटतात, बाटली मसाल्याचा वास मिस्सेची उपासना संपायच्या आधीच देवळात शिरतो. ख्रिस्ती येतात, हिंदू कोळी येतात, नवस फेडणारे येतात आणि नुसते मटण खाणारेही येतात. एवढ्या गर्दीसमोर गायचे म्हणून क्वायरला नाताळ संपायच्या आतच धास्ती लागते. त्यातही भीती सुरांची नसते. भीती असते पलीकडच्या गावठाणातून आलेल्या त्या नातेवाइकांची, जे स्वतः कोणत्यातरी दुसऱ्या क्वायरमध्ये असतात आणि मिस्सा संपल्यावर हात हातात घेऊन म्हणतात, “छान झालं हां. गर्दीत काही कळलं नाही.”

आता खुद्द गायकांकडे वळू.

सोप्रानोंच्या रांगेत पहिल्या दोन खुर्च्या गेल्या पिढीने राखून ठेवलेल्या असतात. तिथे बसणाऱ्या आंटींचा आवाज एके काळी खरोखर चांगला होता, आणि तो काळ संपला आहे हे त्यांना कळवण्याची जबाबदारी प्रत्येक मास्तर पुढच्या मास्तरांवर सोपवून निवृत्त होतात. त्यांच्या मागे कॉलेजातल्या मुली. त्यांना सूर येतो, शब्द येतात, तालही येतो. येत नाही तो पहिल्या रांगेतल्या आंटीच्या पुढे जायचा धीर. त्यामुळे संपूर्ण सोप्रानो विभाग आंटींच्या अर्धी मात्रा मागून चालतो, आणि आंटी कीबोर्ड वाजवणाऱ्या कॅसिओवाल्याच्या अर्धी मात्रा मागून.

आल्टोचे दुखणे वेगळे. आपल्याकडे गाणे म्हटले की एक चाल. ती सगळ्यांनी एकदम म्हणायची, हीच जन्मापासूनची सवय. शाळेतली प्रार्थना, गणपतीची आरती, सहलीच्या बसमधली गाणी, सगळीकडे हाच शिरस्ता. अशा वेळी एखाद्या बाईला उभे करून सांगायचे, की बाई, सगळे चाल म्हणतील, तू मात्र तिच्या खाली तीन सूर सोडून दुसरीच काहीतरी ओळ म्हण, आणि त्यातून सौंदर्य निर्माण होईल. हे तिने का मानावे? तालमीत ती मानते. एकट्या आल्टो बायकांना बाजूला बसवून मास्तर ओळ घोटून घेतात, ती चोख येते. मग चारही आवाज एकत्र येतात आणि तिसऱ्या ओळीपर्यंत एकेक आल्टो गुपचूप सोप्रानोत जाऊन मिसळते. शेवटी खालची ओळ सांभाळायला एकच बाई उरते. ती मोठ्या निष्ठेने गात असते आणि सगळ्यांना वाटते, ही बेसूर आहे.

टेनर हा प्रकार दुर्मीळ, म्हणून त्याचे लाड. त्याला यायला उशीर झाला तरी चालतो, फाइल विसरली तरी चालते. मधेच फोन घ्यायला बाहेर गेला तरी मास्तर थांबतात. आपण एकटेच आहोत हे त्याला चांगले ठाऊक असते. वरच्या सुरावर तो मान मागे टाकून डोळे मिटतो. डोळे मिटल्यावर मास्तरांचा थांबण्याचा हात दिसत नाही, आणि दिसायला हवा अशी त्याची फारशी इच्छाही नसते.

याशिवाय एक जण असा असतो, जो वर्षभर कुठेच नसतो आणि सणाच्या सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बरोबर माइकसमोर उभा असतो. त्याला काढता येत नाही. मागच्या वर्षीच्या स्पीकरचे पैसे त्यानेच दिलेले असतात.

ही माणसे जगाच्या पाठीवर सगळीकडे सारखीच, याचा पुरावा अडीचशेहून अधिक वर्षांचा आहे. 1741 सालच्या नोव्हेंबरात संगीतकार हँडेल आपल्या ‘मेसाया’ची ताजी बाडे घेऊन लंडनहून डब्लिनला निघाला होता. वारा उलटा पडला, जहाज सुटेना, म्हणून तो चेस्टर गावात अडकून पडला. पावसाळ्यात फेरीबोट बंद असल्याचे वर्सोव्याच्या धक्क्यावर येऊन कळणाऱ्या माणसाला त्याची मनःस्थिती समजावून सांगायला नको. बसल्या बसल्या काय करायचे, म्हणून त्याने गावात चौकशी केली, की कागद पुढे ठेवताच गाऊ शकतील अशी काही माणसे मिळतील का. म्हणजे समूहगानाचे तुकडे म्हणवून बघता येतील. जॅन्सन नावाच्या एका छापखानेवाल्याची शिफारस झाली. आवाज उत्तम, आणि योगायोग असा, की तोही बासच. प्रत्यक्ष गायची वेळ आल्यावर त्याने एकामागून एक असे गोते खाल्ले, की हँडेलने चार-पाच भाषांत शिव्या मोजल्या आणि मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत जाब विचारला, कागद बघून गाता येते म्हणाला होतास ना? जॅन्सन नम्रपणे म्हणाला, येते की, पण पहिल्यांदा बघून नाही. हा प्रसंग तेव्हा चेस्टरच्याच शाळेत शिकणाऱ्या आणि पुढे संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या चार्ल्स बर्नी यांनी नोंदवला, म्हणून आपल्यापर्यंत आला. मढमध्ये असे जॅन्सन रांगेने आहेत. त्यांची नोंद घ्यायला बर्नी नाही, एवढाच फरक.

तरी हँडेलकडे निदान स्वरलिपीचे कागद होते. इथे फाइल म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यावर चौथ्या कडव्याचा उजवीकडचा भाग मशीनने खाल्लेला. त्यावर कोणीतरी पेनाने शब्द भरलेले, आणि ते शेजारच्या फाइलमधल्या शब्दांशी जुळत नाहीत. नव्या पिढीने तोडगा काढला, की गाण्याचा फोटो मोबाइलवर ठेवायचा. मग अर्पणगीताच्या मध्यावर कोणाचा तरी स्क्रीन काळा पडतो, आणि त्या क्षणी ती व्यक्ती ओठ हलवत पण आवाज न काढता गाण्याची जी कला दाखवते ती पाहण्यासारखी असते.

मास्तर हा सगळा कारभार हाताने चालवतात, असे बाहेरून दिसते. चार मात्रांचा हात खाली, आत, बाहेर, वर. तो कोणी बघत नाही. बघायला डोळे वर करावे लागतात, आणि डोळे फाइलला चिकटलेले. मास्तरांचे खरे काम तीन ठिकाणी असते: सगळ्यांना एका वेळी सुरू करणे, सगळ्यांना एका वेळी बंद करणे आणि मधल्या काळात चेहऱ्यावर भीती दिसू न देणे. यातले दुसरे सगळ्यात अवघड. गाणे संपल्यावर पाव सेकंदाने एक ‘स’ एकटाच हवेत सुटतो, आणि बाकीचे सगळे मान वळवून त्याच्या मालकाकडे बघतात.

या धंद्यात जिवालाही धोका असतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारी ज्यां-बातिस्त लुली हा मोठा संगीतकार. त्या काळी काठी जमिनीवर आपटून ताल देत. 8 जानेवारी 1687 रोजी, राजा आजारातून उठल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ स्तोत्र चालू असताना, त्याने ती काठी स्वतःच्याच पायाच्या बोटावर हाणली. जखम चिघळली, पाय कापून घ्यायला तो तयार होईना आणि 22 मार्चला गेला. राजा मात्र आणखी 28 वर्षे जगला. आपल्या मास्तरांनी काठी कधीच सोडली. ते आता स्टँडवर पेन्सिल आपटतात, आणि फार तर पेन्सिल मोडते.

चर्चमधल्या गायकांवर खुद्द रोमने केलेले प्रयोगही कमी गमतीचे नाहीत. पोप दहावे पायस यांनी 22 नोव्हेंबर 1903 रोजी फर्मान काढले: चर्चच्या क्वायरमध्ये बायका नकोत, वरचे सूर मुलगे गातील, पियानो बंद, ढोल-झांजा बंद, बँड तर मुळीच नको. ते फर्मान आज अक्षरशः पाळायचे ठरवले तर मढ-एरंगळच्या देवळात मास्तर, कॅसिओ आणि वेळेवर न आलेला टेनर एवढेच उरतील. 1950 च्या दशकात बायकांवरची बंदी सैल झाली. मग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. लॅटिन मागे पडले, मिस्सा मराठीत आली आणि तिच्याबरोबर मराठी गीते, तबला, पेटी, झांजही आली. आणखी एक बदल झाला, त्याचा उल्लेख कोणी फारसा करत नाही. पूर्वी क्वायर देवळाच्या मागच्या माडीवर असे. कोणी जांभई दिली, कोणी गोळी चघळली, खाली पत्ता लागत नसे. आता बऱ्याच ठिकाणी क्वायर पुढे, लोकांच्या तोंडासमोर येऊन बसली. तेव्हापासून गायकांच्या कपड्यांत सुधारणा झाली. गाण्याबद्दल मतभेद आहेत.

लॅटिन गेले त्याची हळहळ अजून काही घरांत टिकून आहे. अर्थ कळत नसे, म्हणून चूकही कळत नसे, हा त्या भाषेचा मोठा गुण होता. मराठीत मात्र श्वास चुकीच्या जागी घेतला की ताबडतोब उघडे पडते. ‘परमे’ म्हणून सगळे थांबतात, दम घेतात आणि ‘श्वर’ पुढच्या ओळीत येतो. शेजाऱ्याने श्वास घेतला की आपण घेऊ नये, आळीपाळीने घ्यावा, हे मास्तर दर आठवड्याला सांगतात. पण सहजीवनाची सवय अशी, की एकाने घेतला की बारा जणांना तो घ्यावासा वाटतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकत्र चढतात आणि उतरतात, कारण गाण्याच्या ओळी त्यांचा श्वास बांधून ठेवतात. मढच्या गायकांचे ठोके एकत्र चढण्याचे दुसरेही कारण संभवते: वरचा सूर जवळ आलेला असतो.

मास्तर ही जमात आली कुठून, याचे एक उत्तर गोव्यात सापडते. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि ते शिकवणारा तोच क्वायर सांभाळणारा मास्तर. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या अशाच एका मास्तरांचा मुलगा मुंबईला आला. त्याने हिंदी सिनेमाच्या वादकांना स्वरलिपी पुढे ठेवून वाजवायची शिस्त लावली. 1958 मध्ये स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना घेऊन सेंट झेवियर्सच्या पटांगणात कार्यक्रम केला, आणि व्हायोलिन शिकायला आलेल्या प्यारेलालला घडवले. प्यारेलालने 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव गाण्यात घालून ते देशभर पोहोचवले. म्हणजे दर गणपतीत मंडपासमोर ज्या अँथनी गोन्साल्विसच्या नावावर पोरे नाचतात, तो मुळात चर्चच्या क्वायरमास्तरांचा मुलगा.

मुंबईतच, मढपासून फार लांब नाही, पण हवामान वेगळे असलेल्या भागात, व्हिक्टर परांजोती यांनी 1956 मध्ये हौशी गायकांचा परांजोती अकादमी कोरस उभा केला. 1967 मध्ये त्यांच्या निधनानंतर कूमी वाडिया यांनी तो हाती घेतला आणि अनेक दशके चालवला, परदेशांतही गाजवला. तिथलेही गायक नोकरी-धंदा सांभाळून येणारे. तेव्हा हौशी माणसांकडून चार आवाज चोख निघतात हे सिद्ध झालेले आहे. त्या गायकांना भरती-ओहोटीचे वेळापत्रक लागू नव्हते, हा मुद्दा मढचे मास्तर आवर्जून मांडतील, आणि तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही.

मढला मात्र मास्तरांचा खरा मुकाबला शेजारच्या भजनी मंडळाशी असतो. बुवांना दांडी लागत नाही, पेन्सिल लागत नाही. ते पेटीवर बसतात, स्वतः गातात आणि झीलकऱ्यांना एका भुवईवर चालवतात. ओळ टाकली, भुवई उचलली, की वीस गळे ती झेलतात. पट्टीचा वाद एका शब्दात मिटतो: “काळी चार.” ज्याला झेपेल तो गाईल, ज्याला झेपणार नाही तो टाळ वाजवेल. टाळ ही मोठी सोय आहे. बेसुऱ्या माणसाला सन्मानाने सामावून घेणारे असे वाद्य पाश्चात्त्य संगीताला शेवटपर्यंत सुचले नाही. दोन्हीकडची दुखणी मात्र बरोबर उलटी. भजन पळते आणि क्वायर रेंगाळते. गजर सुरू झाला की लय अशी चढत जाते, की शेवटी पखवाजवाला आणि बुवा यांच्यात शर्यत लागते. क्वायरचे गीत शेवटच्या कडव्यापर्यंत इतके मंदावते, की फादर आशेने दोनदा उभे राहून पुन्हा बसतात. कोळीवाड्यात तबलजी काही धर्मवार वाटून घेण्याइतके नसतात. त्यामुळे शनिवारी रात्री भजनात पळालेला तबलजी रविवारी सकाळी मिस्सेत आला, तर क्वायरला आयुष्यात प्रथमच वेग मिळतो.

आणि ज्या गायनाला बुवा नाही, मास्तर नाही, तालीम नाही, तेही इथे भाद्रपदात घरोघर चालते. आरतीत प्रत्येक जण संचालक. कोणती आरती कोणत्या क्रमाने, हे सगळ्यात मोठा आवाज ठरवतो. कडव्याचे शब्द अर्ध्या लोकांना येत नाहीत, ते शेवटच्या अक्षरावर जोरात सामील होतात. विठ्ठलाच्या आरतीतला तो लांबवलेला सूर आला, की घरातले काका, शेजारचा बॉडीबिल्डर आणि पाचवीतला मुलगा यांच्यात दमाची चढाओढ लागते आणि बाकीचे गाणे सोडून निकालाची वाट बघतात. एवढे असूनही आरती सगळ्यांची एकाच वेळी संपते. हे कसे होते, ते क्वायरच्या मास्तरांनी अनेक वर्षे प्रसादाचे ताट हातात धरून बारकाईने बघितले आहे आणि त्यांना ते उलगडलेले नाही.

सणाच्या दिवशी खरी परीक्षा ख्रिस्तप्रसादाच्या वेळी होते. प्रवेशगीत होते, अर्पणगीत होते, तोवर सगळे कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे. पण एरंगळच्या गर्दीत प्रसादाची रांग दारातून वाळूपर्यंत गेलेली असते आणि बसवलेली गाणी असतात दोन. दोन्ही संपतात. रांग हलत नाही. मास्तर तीन बोटे वर करतात, म्हणजे तिसऱ्या कडव्यापासून पुन्हा. निम्मे लोक तिसरे कडवे धरतात, निम्मे तिसरे गाणे उघडतात आणि कॅसिओवाला ट्रान्सपोजचे बटण दाबून दोन सूर खाली उतरतो, कारण त्याच्या मते बायका दमल्या आहेत. हे त्याने कोणाला सांगितलेले नसते. पुढची दोन मिनिटे देवळात जे चालते त्याला संगीताच्या कोणत्याच घराण्यात नाव नाही. लोक मात्र भक्तिभावाने रांगेत पुढे सरकत राहतात, कारण बाहेर बँडवाल्यांनी सुरुवात केलेली असते आणि आतले काही फारसे ऐकू येत नसते.

संध्याकाळी ग्रुपवर रेकॉर्डिंग पडते. फोन टेनरचा, आणि तो त्याने स्वतःच्याच खिशात ठेवलेला. त्यामुळे पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत टेनर एके टेनर. बाकीची क्वायर मार्व्याहून गात असावी इतकी लांब. आंटी लिहितात, सोप्रानो का ऐकू येत नाहीत. कॅसिओवाला अंगठा टाकतो. टेनर ते कौतुकाने कुवेतच्या चुलतभावाला पाठवतो आणि दहा मिनिटांत उत्तर येते: “मस्त झालंय रे. बाकीचे आले नव्हते का?”